घराकडची भिंत

लावॉन स्कोगमनला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणतात. साफ खोटं आहे. कारण दरवेळी असायचं. फक्त आमच्याकडे, उत्तर मिनेसोटात, मनातलं बोलायची पद्धत नाही. शेजाऱ्यानं तुमचं झाड तोडलं तर ‘बरं झालं, सावली जरा जास्तच होती’ म्हणायचं आणि पुढे वीस वर्षं त्याच्याशी अळीमिळी गुपचिळी. लावॉनला हे सोंग कधी जमलं नाही. तिचं आपलं एक घाव दोन तुकडे. जन्मभर तिनं शाळेची बस चालवली. शेवटच्या बाकावर कुणी च्युइंगगम चिकटवला, की मान न वळवता ती त्या पोराचा, त्याच्या बापाचा आणि बापानं त्याच बसमध्ये केलेल्या उद्योगांचा उद्धार करायची. चर्चमधली कॉफी इतकी पातळ की कपाचा तळ दिसतो, हे पास्टरला तोंडावर सांगणारी ती एकटीच. कॉफी त्यानंतर सुधारली. आभार मानले का कुणी? नाव नको.

नवरा हार्लन मात्र अस्सल इथला. तो रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवायचा, एकटा. निवृत्त झाल्यावरही त्याचा दिवस तळ्यावर नाहीतर शेडमध्ये, तसाच एकट्याचा जायचा. मग यंदा जूनमध्ये लावॉननं बसच्या किल्ल्या परत केल्या आणि ती घरी बसली. जुलैत हार्लननं कॅम्परचं कापड उतरवलं.

ही त्यांची जुनी, गाडीमागे ओढायची, घडीची कॅम्पर, अंगणात उभी. दांडा फिरवला की छत वर जायचं, चारी बाजूंनी कापड ताणलं जायचं, दोन्ही टोकांना खाटा बाहेर सरकायच्या. मे महिन्यापासून तिच्यात त्यांचा मुलगा डॅरिन राहत होता. चांगला चौतिशीचा घोडा, बायकोनं घराबाहेर काढलेला. लावॉननं ते चालवून घेतलं होतं, कारण कापडाच्या घरात आमच्याकडचा हिवाळा कुणी काढत नाही. ऑक्टोबर उजाडला की गडी आपोआप हलेल, असा तिचा हिशेब.

आणि हा बाबा तिथे भिंती घालतोय! डॅरिनला त्यानं काम होईपर्यंत तळघरात झोपायला पाठवलं होतं.

“हे काय चाललंय?” तिनं विचारलं.

“भिंती,” हार्लन म्हणाला.

“दिसतंय मला. डोळे आहेत. कशाला?”

“कापड कुजलं होतं.”

“मग नवीन शिवून घे! दुकानं बुडाली का?”

“हं,” हार्लन म्हणाला आणि पट्टीवर खूण करायला लागला.

या ‘हं’नं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणसानं भांडावं, शिवी द्यावी, ताट आपटावं. ‘हं’ला काय उत्तर देणार, कपाळ?

ऑगस्टभर काम चाललं. छत कायमचं वर बसलं, खाली उतरवायच्या तारा काढून टाकल्या. लाकडी चौकटी उभ्या राहिल्या, आत जाडजूड फोम, दोन्ही अंगांनी प्लायवूड. लावॉन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि भांडी आपटायची. कुंपणापलीकडच्या मार्लिसला म्हणाली, “बघितलंस? पोराला डोक्यावर बसवतोय. आता तो घोडा साठीचा होईपर्यंत माझ्या अंगणात!”

मार्लिस म्हणाली, “मजबूत करतोय हो हार्लन.” मग उगाच आपल्या हातातल्या ताटलीकडे बघत राहिली. “लिंबाच्या वड्या घे ना.”

“वड्या कसल्या घेऊ? इथे माझं रक्त उकळतंय!”

तरी दोन घेतल्या.

सप्टेंबरात तिनं डॅरिनला तळघराच्या जिन्यातच गाठलं. “ऐक. तुझ्या बापानं महाल बांधला म्हणून तू पाय पसरू नकोस. हिवाळ्याआधी चालतं व्हायचं.”

“आई, मी चाललोय. डुलूथला खोली मिळालीय, कामही मिळालंय. बाबांना मी जुलैतच सांगितलं होतं.”

“जुलैत?” लावॉन थबकली. “मग ह्या भिंती कुणासाठी?”

डॅरिन बुटांकडे बघायला लागला. बापाचंच पोर. “तू बाबांनाच विचार ना, आई.”

हार्लन खिळे आणायला गावात गेला होता. लावॉन तरातरा अंगण ओलांडून कॅम्परमध्ये शिरली. आत एक खाट. दुसऱ्या टोकाची त्यानं कापून टाकली होती. एक खुर्ची, छोटी शेगडी, कप अडकवायला एक आकडा. खिडकी एकच, तळ्याकडे तोंड केलेली. घराच्या बाजूला नुसती भिंत, वरपासून खालपर्यंत कोरी. काय ते तिला कळलं: हे सगळं हार्लनचं स्वतःसाठी होतं. न कळायला ती काही बावळट नव्हती. मार्लिसला ठाऊक, डॅरिनला ठाऊक, लाकडाच्या वखारीतल्या लोकांनाही ठाऊक असणार. सगळे मूग गिळून बसलेले, आणि ती गावभर पोराच्या नावानं शंख करत फिरत होती.

बाहेर हार्लनचा छोटा ट्रक येऊन थांबला. “हार्लन!” ती ओरडली. ट्रकचं दार आपटलं. “हार्लन!” या वेळी बसमधला आवाज लावला, ज्या आवाजानं पन्नास पोरं हाताची घडी तोंडावर बोट करून बसायची.  भिंतीनं सगळा आवाज गिळला.

तेव्हा मात्र तिची सटकली. ड्रिल समोरच होतं, विजेची करवतही. कोऱ्या भिंतीला तिनं भोक पाडलं, त्यात करवतीचं पातं घातलं आणि कापत सुटली. भुसा डोळ्यांत गेला, फोमचे दाणे केसांत अडकले, रेघ कुठल्या कुठे वाकडी गेली. शेवटी हाताच्या गुद्द्यानं तुकडा बाहेर ढकलला. तो पडला थेट हार्लनच्या पायाशी.

“अगं, काय केलंस हे?”

“खिडकी! घराकडे एक असू दे म्हटलं. घर आठवतंय ना?”

आणि हार्लन ओरडला. खरंच ओरडला. कुंपणापलीकडे मार्लिसचं गवत कापायचं यंत्र बंद पडलं.

“माझी भिंत आहे ती! पूर्ण उन्हाळा घालवला मी तिच्यात! एक गोष्ट, एक गोष्ट मी माझ्यासाठी केली!”

“आणि मला सोडून सगळ्या गावाला सांगितलीस! भ्याडा! बायकोला सांगायला तोंड नव्हतं?”

“तुला सांगायला आलो होतो! तीनदा आलो! मी तोंड उघडायच्या आधी तुझं उत्तर तयार असतं. तूच विचारतेस, तूच उत्तर देतेस, तूच चिडतेस. मी काय करायचं तिथे उभं राहून?”

लावॉननं तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं, एक नाही, चांगली चार. जिभेच्या टोकावर आलेली. तिनं दोन्ही हातांनी त्या वाकड्या भोकाची कड धरली आणि दात आवळले. आयुष्यात इतकं जड काम तिनं केलं नव्हतं.

“बोल,” ती म्हणाली. “ऐकतेय.”

 हार्लन आवाज खाली आणून म्हणाला, “हिवाळ्यात मी इथे राहणार आहे, लावॉन. एकटा.”

“आणि बर्फ वितळल्यावर?”

त्यानं पायाशी पडलेला भिंतीचा तुकडा उचलला.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला.

या वेळी ‘हं’ नव्हतं. तिला त्याचा गळा धरावासा वाटला, रडावंसं वाटलं, आणि सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की माणूस खरं बोलत होता. ती भोकापासून हलली नाही. तोही हलला नाही.