अडखळणं ऐकणारी

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरखाली एक बाई कोळशाची इस्त्री करायची. मुलांच्या वाढीतले धोके आणि आधार यांवर मी सरकारी अहवाल लिहितो. दोन वर्षं तिच्याकडे कपडे टाकले, पण नाव कधी विचारलं नाही.

शाळेतून आलेली तिची मुलगी शेजारी उभी राहून मोठ्यानं धडा वाचायची. ती अडखळली की बाई इस्त्री उचलून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "फिर से." तोवर सहसचिवांचा शर्टही ताटकळायचा.

"तुम्हें पढ़ना आता है?" मी एकदा विचारलं.

"ना, साहब. पर अटकना तो सुनाई देता है."

यंदा क्वार्टर पाडायचे ठरले. घरं रिकामी झाली, कपडे येईनासे झाले. तिला गुरुग्रामला एका फ्लॅटमध्ये राहून बाळ सांभाळायचं काम मिळालं. स्वतःची मुलगी तिथे चालणार नव्हती, म्हणून मुलगी गावी काकाकडे निघाली होती.

"वहाँ स्कूल है ना?" मी विचारलं. आमच्या अहवालात हाच प्रश्न पहिला असतो.

मुलगी पुस्तकं पिशवीत भरत होती. बाईनं तिच्याकडे पाहिलं.

"स्कूल तो है, साहब. सुनेगा कौन?"