खंडेनवमीला बंद पाडलेली रेल्वे

चहा आधी संपवा, मग सांगते. नाहीतर हसताना सांडाल. मला मात्र अजून पुरतं हसू येत नाही.

आमची सून प्राजक्ता रेल्वेच्या विजेचं काम करते. म्हणजे खांबावर चढत नाही हो. रहाटणीतल्या आमच्या मागच्या खोलीत कंपनीनं दिलेला मोठा कॉम्प्युटर आहे, त्यात तिनं अख्खी रेल्वे मांडली आहे. तारा, सबस्टेशन, इंजिनं, सगळं आकड्यांचं. मी विचारलं, तर तिनं मला माझ्या स्वयंपाकघरातूनच समजावलं. मिक्सर लावला की जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसं इंजिन वीज ओढताना तारेतल्या विजेला थरथर लावतं. एका इंजिनाचं काही वाटत नाही. पण बरीच इंजिनं एका तारेवर आली आणि थरथरीला थरथर मिळाली, की ती वाढत जाते आणि अख्ख्या मार्गाची वीज जाऊ शकते. खऱ्या रुळांवर तसं होऊ नये म्हणून ती आधी खोट्या रेल्वेत करून बघते.

मला एवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू! भाजीवालीलासुद्धा मी थरथर समजावली.

तर गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचा दिवस. दुपारी तिला रेल्वेच्या साहेबांपुढे, कॉम्प्युटरवरूनच, पहिल्यांदा स्वतःचं काम मांडायचं होतं. एरवी तिचे वरिष्ठ बोलायचे. त्यासाठी कितीतरी दिवस तो कॉम्प्युटर अखंड चालू होता. "आई, हिशेब दुपारपर्यंत पुरा होईल. तोवर त्याला हात लावू नका हं," एवढं सांगून ती झेंडू आणायला गेली. पाठवलं कोणी? मीच.

इकडे मी पूजा मांडली. आमच्या ह्यांची सगळी नोकरी चाकणच्या कारखान्यात झाली. त्यांचे जुने पाने, माझं शिलाई मशिन, स्कूटर, सगळं पुसून झालं. मग मनात आलं, घरातलं सगळ्यात कर्तबगार यंत्र मागच्या खोलीत, आणि त्यालाच कुंकू नाही? तेही सुनेचं? सासूनं दुजाभाव केला असं तिला वाटलं तर?

ताट घेऊन निघाले, तसे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चालू मशिनची पूजा करतेस? आमच्याकडे कितीही ऑर्डर असू दे, नवमीला आधी मशिन बंद. मग पुसायचं, मग कुंकू."

"ती हात लावू नका म्हणालीय."

"ते रोजचं. आज सण आहे."

मला पटलं. लग्न झाल्यापासून दर नवमीला हेच तर ऐकत आले होते. बटण सापडलं. नुसतं दाबून ऐकेना, म्हणून बंद होईपर्यंत धरून ठेवलं. पुसलं, कुंकू लावलं, देवापुढचा नारळ ठेवला आणि हात जोडून म्हटलं, पोरीला यश दे.

प्राजक्ता झेंडू घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आई, त्याचा आवाज का येत नाही?"

"पूजा झाली त्याची," मी कौतुकानं सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कॉम्प्युटर सुरू केला, अर्धवट राहिलेला हिशेब शोधला आणि हळूच म्हणाली, "सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

किती इंजिनं थरथरली की मार्ग बंद पडतो, हे ती शोधत होती. मी एका बोटानं पाडला.

दुपारी नेहमीचे वरिष्ठच जुने आकडे घेऊन बोलले. पडद्यावर एका छोट्या चौकटीत ती गप्प बसलेली. मी प्रसादाची वाटी घेऊन दाराआड उभी. हे बिचारे खाली जाऊन पुसलेली स्कूटर पुन्हा पुसत होते. पुढे तिला संधी मिळाली, छान बोलली. पण पहिली ती गेलीच.

यंदाच्या नवमीला सकाळीच तिनं मला पाटावर बसवलं. कपाळाला हळद-कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, पुढे नारळ ठेवला. मला अगदी भरून आलं. म्हटलं, माफ केलं पोरीनं.

"आई, पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी वापरायचं नसतं ना?"

"नाही गं. दसऱ्यापर्यंत तसंच ठेवायचं."

"मग उठू नका," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

आतून कॉम्प्युटरची घरघर ऐकू येत होती. घरात बंद ठेवण्यासारखं यंत्र एकच होतं. ते हार घालून पाटावर बसलं होतं.