मालुबाईनं मारलेली कुस्ती

यल्लाप्पा पैलवान निपाणीच्या मोटारीत बसला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कुस्त्यांच्या तंबूत शिरायचं, बहिणीला सगळ्यांसमोर उताणी पाडायची आणि जांबोटीला घेऊन यायची. तिकडं विलायतेत लढाई पेटली होती, इकडं रॉकेल मिळेनासं झालं होतं, पण ह्या गड्याला त्याचं काही नव्हतं. खानापूरच्या तालमीत पोरं त्याला डिवचायची, "यल्लाप्पा, तुझी मालू निपाणीत रोज एक बाप्या लोळवती म्हणं. जरा डाव शिकून ये की तिच्याकडनं." जांबोटीपासून संकेश्वरापर्यंत एकाही मैदानात ज्याची पाठ मातीला लागली नाही, त्यानं हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय झालं?

आता ही मालुबाई कोण ते सांगतो. यल्लाप्पाची पाठची बहीण. जांबोटीला पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, आणि ओढे भरले की खानापूरची वाट बंद. पैलवानाला रोज अंगाशी अंग भिडवायला कुणीतरी लागतं. नुसते जोर मारून कुस्ती येत असती तर काय पाहिजे होतं. मग ह्यानं गोठ्याचा एक कोपरा खणला, चाळलेली माती टाकली, तीत ताक नि तेल कालवलं, आणि धाकट्या बहिणीला पुढ्यात उभी केली. त्यांची आई रुक्माबाई कपाळाला हात लावून बसली. पण पोरगी अंगानं भक्कम, भाताची पोती पाठीवर घेऊन माळ्यावर चढणारी. कितीतरी पावसाळे यल्लाप्पानं तिला त्या कोपऱ्यात आपटली. ढाक हा त्याचा हुकमी डाव. समोरच्याचा हात काखेत आवळायचा आणि त्याला कमरेवरनं पलीकडं फेकायचा. मालू धाडकन पडायची, लुगडं झाडायची आणि परत उभी राहायची.

पुढं तिचं लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला. सासरी बोलणी खात बसण्यापेक्षा ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. तंबाखूनं ठासून भरलेले जे बोद दोघं बाप्ये मिळून उचलायचे, ते ही एकटी पाठीवर घ्यायची. परशराम नावाचा तंबूवाला तिकीट लावून कुस्त्या दाखवायचा, त्यानं हे बघितलं. "मातीत उतरशील काय गं?" त्यानं विचारलं. मालू म्हणाली, "उतरीन. पण चोळणा शिवून द्या, लुगड्यात पाय गुततो." झालं, गावभर गवगवा. शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली, आणि तेच लोक तिकीट काढून पुढं जाऊन बसले.

यल्लाप्पाचा राग मात्र वेगळा होता. तंबूतल्या कुस्त्या नुरा, म्हणजे कोण पडणार ते आधीच ठरवून केलेल्या, हे शेंबड्या पोराला ठाऊक. मालूपुढं उतरणारे गडी परशरामच्याच पदरचे. बाईनं लढावं की नाही ते राहू दे बाजूला, पण माझ्या हाताखाली शिकून खोटं लढावं? ह्या विचारानं त्याला झोप लागत नव्हती.

तंबूमागं मालू केस बांधत होती. "आण्णा, जेवलास काय?" तिनं विचारलं.

"जेवायला आलो न्हाय. तुझ्यासंगं लढायला आलोय. पडलीस तर आजच्या आज घरला चलायचं."

"आणि न्हाय पडले तर?"

"तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाय."

"बरं," म्हणाली ती, आणि केसांची गाठ आवळली.

दुपारच्या खेळाला तंबू गच्च भरला होता. परशरामानं सांगून टाकलं की हा बाईचा सख्खा भाऊ, आणि लोक जास्तच चेकाळले. दोघांनी हातात हात दिला. यल्लाप्पानं वेळ घालवला नाही, तिचा हात काखेत घेतला आणि ढाक लावली. मालू जागची हलली नाही. त्यानं दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. वखारीचा खांब ओढावा तसं झालं. तिची पकड आता त्याच्या मनगटाला कळत होती, आणि त्या पकडीनं त्याला सगळं सांगितलं. हे बळ काल-परवाचं नव्हे. गोठ्यात ही पोरगी कधी पडलीच नव्हती, पडून दाखवत होती.

"गोठ्यात कशी गं पडत हुतीस?" त्यानं तिच्या कानाशी विचारलं.

"तुला मैदानं मारायची हुती, आण्णा."

त्याची पकड सैल झाली. मग मालूच हळूच म्हणाली, "आता काय करू?"

तिनं अंग सैल सोडलं असतं तर त्याचं नाव राहिलं असतं, आणि ती घरी आली असती. तिनं खरंच सोडलं असतं, हे त्याला कळत होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. "मला इचारून लढतीस काय?" तो म्हणाला. "लढ."

मग तिनं काय केलं ते त्याला पुढंही नीट सांगता आलं नाही. ती खाली बसली, त्याचे दोन्ही पाय एकदम गेले, आणि यल्लाप्पाला तंबूचं ठिगळ लावलेलं छत दिसलं. त्याच्या छातीवर बहिणीचा गुडघा होता. एवढं सफाईचं काम त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. मग मागनं कुणीतरी ओरडलं, "नुरा हाय. भावानं बहिणीला जिंकवली." सगळे हसले. कुणी म्हणालं, भाऊ असावा तर असा. परशरामही हसत पुढं आला, त्याला काय, तंबू भरला म्हणजे झालं. मालूचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळं बळ लावून लढली होती, आणि तेवढीच कुस्ती लोकांनी खोटी ठरवली.

यल्लाप्पा उठला. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. खानापुरात जाऊन सांगता आलं असतं, बहिणीची हौस पुरवली म्हणून. त्यानं वाकून मूठभर माती घेतली, कपाळाला लावली आणि मोठ्यानं म्हणाला, "ह्या मातीची आण. नुरा न्हाय. होतं तेवढं बळ लावलं, आणि पडलो. हिनं मला पाडला. ज्याला खोटं वाटतंय त्यानं उतरावं."

हसणं थांबलं. त्याला ओळखणारे चारदोन पैलवान पुढच्या रांगेत होते, ते माना खाली घालून बसले. कुणीच उतरलं नाही. मालूनं तोंड फिरवून मनगटानं डोळे पुसले.

संध्याकाळच्या मोटारीत यल्लाप्पा एकटाच बसला. घरी रुक्माबाई दारातच उभी होती. "पोरगी कुठाय?" तिनं विचारलं. पाय धूत तो म्हणाला, "तिची कुस्ती हाय उद्या."