शफीभाऊंनी उघडलेलं चाक

आरमोरीच्या बाजाराकडे वळताना शफीभाऊंचं सायकलचं दुकान होतं. १९९८च्या मे महिन्यात मनकर्णाबाई एक सायकल ओढत तिथं आल्या. पुढचं चाक फिरतच नव्हतं, म्हणून त्यांनी हँडल उचलून धरलं होतं. जाड टायरची, निळी. शफीभाऊंनी लांबूनच ओळखली आणि हातातला पाना खाली ठेवला.

ती सायकल मनकर्णाबाईंच्या नवऱ्याची, श्रीहरीची. जंगलातल्या गावांत फिरून तापाच्या माणसांचे रक्तनमुने घेणं हे त्याचं काम. आदल्या ऑगस्टमध्ये नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. दुसऱ्या दिवशी देह सापडला, सायकल मात्र नाही.

"डोह आटला, तं रेतीत दिसली आमच्या गावच्या लच्छूले," बाई म्हणाल्या. "मी अंगणवाडीत मदतनीस लागली, भाऊ. चार कोस जा लागते. दुरुस्त होते का पाहा."

"ठेवून जा," एवढंच शफीभाऊ बोलले.

वाहून गेला त्याच दिवशी सकाळी श्रीहरी दुकानात आला होता. "भाऊ, पुढचं चाक कटकट करून राह्यलं." शफीभाऊंसमोर तीन सायकली उघड्या पडल्या होत्या. त्यांनी चाक हातानं एकदा फिरवलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "चालते. पोळ्यानंतर आण." श्रीहरी हसून गेला.

तेव्हापासून ती कटकट त्यांच्या कानात बसली होती. भर दुपारी दुकानासमोरून कोणी सायकलवर गेलं की ते मान वर करत. घरी पंखा लागला तरी तोच आवाज. अख्तरी, त्यांची बायको, विचारायची, "काय ऐकून राह्यले?" ते सांगत, "काही नाई." नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, रपट्यावर, चाक अडकलं असेल आणि श्रीहरी पाण्यात फेकला गेला असेल, हे चित्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता चाक उघडलं की कळणार होतं.

दोन दिवस त्यांनी सायकलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रेती खरवडून काढली आणि दोन्ही नटांवर रॉकेल सोडलं. पान्याला लोखंडी पाइप लावून जोर केला, तेव्हा एक नट करकरत सुटला. दुसरा छिन्नीनं कापावा लागला. तरी चाकाच्या मधला दांडा, एक्सल, हलेना. चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचांत तो गंजून एकजीव झाला होता. त्यांनी खाचा स्टोव्हच्या जाळावर तापवल्या, पुन्हा रॉकेल सोडलं, लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडी मारली. संध्याकाळच्या नमाजाआधी चाक निसटून मांडीवर पडलं.

आत एक्सलभोवती फिरणाऱ्या पोलादी गोळ्या, छर्रे. डाव्या बाजूचे गोल होते. उजव्या बाजूचा एक फुटून दोन तुकडे झालेला, आणि त्यानं बाजूचं लोखंड चावल्यासारखं उकरलेलं. पडून राहिलेल्या चाकात असं होत नाही. ते चालत्या चाकातच होतं.

सकाळी बाई आल्या. शफीभाऊंनी ते तुकडे त्यांच्यासमोर धरले आणि सगळं सांगितलं. आवाज काय ऐकला, आपण काय बोललो, सगळं.

बाईंनी एक तुकडा बोटांत धरून उजेडात पाहिला.

"पण ते सायकलवरून नाई पडले, भाऊ. त्या दिवशी लच्छू पलीकडच्या काठावर होता. सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले, म्हणे."

शफीभाऊंचा श्वास सुटला. नऊ महिन्यांत त्यांनी कोणाला एकदा विचारलंही नव्हतं.

"खांद्यावर काऊन?"

"चाक जाम झालतं ना. तीन कोस पायीच आले, तं उशीर झाला. तवापर्यंत पाणी चढलं." बोलता बोलता त्या थांबल्या. या बोलण्याचा अर्थ दोघांनाही एकदमच कळला.

शफीभाऊंनी मान खाली घातली.

"मले हे नव्हतं सांगायचं," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी चाक उचललं आणि शफीभाऊंच्या हातात दिलं. "नवा एक्सल टाका, नवे छर्रे टाका. माझ्यासमोर टाका."

त्यांनी टाकले. छर्रे हातातून दोनदा सांडले. बाईंनी वेचून दिले.

पुढं आठ वर्षं मनकर्णाबाई दर महिन्याला सायकल घेऊन येत. काही बिघाड नसला तरी शफीभाऊ पुढचं चाक उघडून ग्रीस भरत. श्रीहरीचं नाव निघत नसे. पंख्याचा आवाज मात्र त्यांना शेवटपर्यंत सोसला नाही. उन्हाळ्यातही तो बंद करून ते घामानं भिजत पडून राहत, आणि अख्तरी काही न विचारता सुपानं वारा घालत बसे.