मीठ बघायचं काम

आमच्या घरात कालवणाचं मीठ बघायचं काम माझ्याकडे आलं, ते मला चांगली चव कळते म्हणून नव्हे, तर मी विद्यापीठात माशांवर संशोधन करायला लागले म्हणून. यातला संबंध सांगितला की लोक हसतात. आता मीही हसते. पण घाटकोपरच्या चाळीत त्या वर्षांत मला याचं हसू आल्याचं आठवत नाही.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. वडील गिरणीत, आई घरी, मी एकुलती एक. आम्ही मूळचे मालवणकडचे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण सोडला तर मासळीवाचूनचं जेवण म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण. आईचा तर मासळीत जीव. माशाचं डोकं ती कुणाला द्यायची नाही. सगळ्यांचं झालं की भिंतीला पाठ टेकून बसायची आणि ते डोकं इतकं मन लावून चोखायची की नंतर त्या काट्यांकडे मांजरसुद्धा बघत नसे.

बी.एस्सी.नंतर संशोधनातून एम.एस्सी. आणि तेच काम वाढवून पीएच.डी., अशी तेव्हा सोय होती. त्या पीएच.डी.साठी माझं नाव नोंदलं गेलं, त्या रविवारी वडिलांनी बांगडे आणले. आईने कालवण केलं, आम्हा दोघांना वाढलं आणि आमचं झाल्यावर स्वतः डाळभात घेऊन बसली. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

"मी आंगवण केलंय," ती म्हणाली. आंगवण म्हणजे नवस. लेक डॉक्टर होईपर्यंत मासळीला तोंड लावणार नाही, असं तिने देवाला परस्पर सांगून टाकलं होतं.

"अगे आये, चार-पाच वर्सां लागतली!"

"लागांदेत. तू अभ्यास कर."

मी चिडले. मला न विचारता माझ्या डोक्यावर हे ओझं कशाला? वडिलांनी हाताने मला गप्प केलं. देवाला दिलेला शब्द परत घेता येत नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

मासळी ती रांधत मात्र राहिली, आमच्यासाठी. पण मीठ चाखणार कोण? मग स्टोव्हवरच्या टोपातून पळीने थेंबभर रस्सा ती माझ्या तळहातावर ओतायची आणि म्हणायची, "मीठ बघ गो." मी चाटून सांगायचे, बरोबर आहे किंवा चिमूटभर हवं. माझ्या जिभेवर भरवसा ठेवून ती टोप उतरवायची.

माझा विषय होता निवटे. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उड्या मारत हिंडणारा, डोळे टाळूवर बसवलेला बोटभर मासा. त्याची वीण कधी होते, कशी होते, हे मला शोधायचं होतं. देवनारच्या बाजूला कचऱ्याच्या मैदानापलीकडे, तिवरांच्या कडेला माझी जागा होती. मी बसने जायचे, साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरायचे आणि बादलीत निवटे घेऊन प्रयोगशाळेत यायचे. पहिल्या पावसाळ्यात तो चिखल निवट्यांनी असा उसळायचा की पाय कुठे टाकावा कळत नसे. प्रयोगशाळेत मी त्यांचं पोट चिरून गाभोळी, म्हणजे आतली अंडी, काढायचे, तोलायचे, भिंगाखाली बघायचे. उरलेला मासा फेकून द्यायचे. दिवसभर मासे चिरून, उरलेले टाकून घरी यायचं आणि आईला ताकभात कालवताना बघायचं. मी मोरीत हात पुन्हा पुन्हा धुवायचे, पण वास जायचा नाही. तो वास तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी लांब बसायचे.

चाळीत काही झाकून राहत नाही. कुणाच्या हळदीला गेलं की तळलेल्या माशांचं ताट आईच्या समोरून पुढे सरकायचं आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या. शेजारच्या काकू तर जिन्यातच धरायच्या.

"काय गं, कधी होणार तू डॉक्टर? तुझी आई सुकून बोंबील झाली ना!"

आई हसायची. वडीलही गंमत करायचे, "सांग तुझ्या निवट्यांक, बेगीन पिल्लां काढा म्हणान. माझी बायल डाळभात खावन कंटाळली." मी हसल्यासारखं करायचे. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात माझी वाट लागली. कचऱ्याचे ट्रक मैदान ओलांडून खाडीकडे रिते व्हायला लागले होते. फाटक्या गाद्या, करवंट्या, हाडं, राख, सगळ्या उपनगरांनी टाकलेलं. त्यात आमच्या चाळीच्या पिंपांतलंही असणारच. आधी मला वाटलं, माझंच जाळं चुकतंय. पण मग बिळं रिकामी दिसायला लागली, आणि पावसाळा सरता सरता बिळंही दिसेनाशी झाली. मी कचऱ्याच्या कडेवर रिकामी बादली घेऊन उभी होते. वर घारी फिरत होत्या. मला त्या निवट्यांचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता आईला काय सांगू.

माझे मार्गदर्शक सर भले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एका पावसाळ्याच्या निरीक्षणांवर डॉक्टरेट होत नाही," ते म्हणाले. "दुसरी जागा शोधा, वसईकडे वगैरे, आणि पहिल्यापासून सुरुवात करा. नाहीतर आहे तेवढ्यावर एम.एस्सी. घ्या. तेवढं नक्की पदरात पडेल."

मी एम.एस्सी. घेतली. आईला सगळ्या डिग्र्या सारख्याच, तिने आणखी किती वर्षं कोरडं जेवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते दिसायला चांगलं कारण होतं. खरं कारण असं की मी थकले होते, आणि सर बोलले तेव्हा मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती जिना उतरताना.

निकाल लागला तेव्हा मी घरी येऊन म्हटलं, "डिग्री मिळाली." कोणती, ते सांगितलं नाही. वडिलांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. माझे सगळे कागद त्यांनी वाचलेले असत, त्यामुळे त्यांना फरक कळत होता. तरी ते पिशवी घेऊन बाजारात गेले आणि चांगली मोठी सुरमई घेऊन आले. शेजारच्या काकू दारात येऊन आईला मिठी मारून गेल्या. आईने ठेवणीतलं लुगडं नेसून कालवण केलं. त्या दिवशी तिने माझ्या हातावर रस्सा ओतला नाही. आज आपणच चाखू, असं तिच्या मनात असणार.

आम्ही तिघंही एकदमच जेवायला बसलो, असं आमच्या घरी कधी होत नसे. आईच्या ताटात डोकं होतं. तिने भात कालवला, आणि घास उचलायच्या आधी कौतुकाने मला विचारलं,

"आता नावाफुडे डाक्टर लावतले मां तुझ्या?"

"खा गो तू," वडील घाईघाईने म्हणाले. "झाली ती डिग्री."

ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. नुसतं हो म्हणायचं होतं. माझ्या तोंडात तो हो आलाही होता. पण शब्द तिने मला दिलेला नव्हता, देवाला दिलेला होता, आणि तो तिच्याकडून नकळत मोडून घ्यायचा अधिकार मला नव्हता.

"नाय, आये," मी म्हटलं. "ही त्याच्या आधीची."

"मगे ती कधी?"

"ती आता नाय होवची."

म्हणजे आंगवण आता कधीच फिटणार नव्हती. हे आम्हा तिघांनाही त्या एकाच क्षणी समजलं. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला.

आई रागावली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिने कालवलेला भात बाजूला सारला, उठून मोरीत हात धुतले, आणि परत येऊन माशाचं ते डोकं स्वतःच्या ताटातून उचलून माझ्या ताटात ठेवलं. वर पळीभर रस्सा घातला.

"थंड होतला," ती म्हणाली. "मीठ बघ गो. मी बघूक नाय."

मी बघितलं. मीठ बरोबर होतं.