खोडा हलवून बघणाऱ्या मॅडम

ज्योत्स्ना औंढेकर बदली होऊन आमच्या सावरखेड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा गावाला त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. त्या लातूरच्या, वडील शाळामास्तर, घरात कुणी कधी गाय बांधलेली नाही. आणि त्यांचा जबडा डावीकडं जरासा वाकडा आहे, त्यामुळं बोलताना शब्द सावकाश येतात. पद पशुधन पर्यवेक्षकाचं, पण गावाच्या तोंडी त्या पहिल्या दिवसापासून डॉक्टर मॅडम. अहमदपुरात एसटी स्टँडच्या मागं खोली घेऊन राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या.

जबड्याची हकिकत त्यांनी पुढं आमच्या सरपंच लताबाईंना सांगितली, आणि लताबाईंकडून ती आम्हाला कळली. मॅडमची पहिली नेमणूक हिमायतनगर तालुक्यातली. तिथल्या दवाखान्यापुढं खोडा होता. खोडा म्हणजे जमिनीत रोवलेले चार लोखंडी खांब आणि त्यांना जोडणारे आडवे पाईप. जनावर मधल्या अरुंद जागेत घालायचं, मागचा पाईप सरकवून खीळ मारायची, म्हणजे त्याला वळता येत नाही आणि मागंही सरता येत नाही. त्या दिवशी खीळ मारायची राहून गेली. ती साखळीला तशीच लोंबकळत होती. आत लाल कंधारी बैल. तसा गरीब, पण सुई लागताच त्यानं मागं जोर मारला. पाईप निसटला आणि त्याचं टोक मॅडमच्या तोंडावर बसलं. जबडा दोन जागी मोडला.

नांदेडला दातांना तारा बांधून तोंड बंद केलं. लातूरच्या घरी आई नळीनं वरणाचं पाणी आणि ताक पाजायची. वडील रोज संध्याकाळी पलंगाशी बसून एकच विषय काढायचे, "राजीनामा दे. एखाद्या शाळेवर लागशील." तोंड बांधलेलं, वाद घालायची सोय नव्हती. शेवटी मॅडमनी मोबाईलवर लिहून वडिलांपुढं धरलं, "बैलाची चूक नव्हती. खीळ मी बघायला पाहिजे होती." वडिलांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. पुन्हा राजीनाम्याचं नाव काढलं नाही. त्याच सुमारास लग्नाची एक बोलणीही मोडली. तारा निघाल्यावर त्या सरळ कामावर हजर झाल्या.

तेव्हापासून जनावराला हात लावण्याआधी त्या जागेला हात लावून बघायच्या. आमच्याकडं आल्यावरही तेच. आधी चारही खांब खांद्यानं रेटायचे. आडव्या पाईपावर पोटावर ओणवं होऊन सगळा भार टाकायचा. कुठं तार नाहीतर पत्र्याची कड वर आली असेल तर ती ठोकून घ्यायची. खाली शेण-पाणी असलं तर मुरूम पसरायचा. दावं बांधलं की एका हिसक्यात सुटतं का, ते स्वतः सोडून बघायचं. मग आजूबाजूच्या पोरांना आणि कुत्र्यांना हाकलायचं, आणि आपल्याला पळायची वेळ आली तर कुठून पळायचं तेही बघून ठेवायचं. तोवर गाय घेऊन आलेला माणूस ताटकळत उभा. पारावरची मंडळी म्हणायची, "आल्या मॅडम खोडा हलवायला." त्यांना ते ऐकू जायचं. त्या हसायच्याही, पण हलवायचं सोडायच्या नाहीत.

पुढं शेजारच्या तालुक्यात लम्पी आल्याची बातमी पसरली. अंगावर गाठी उठलेली जनावरं लोकांनी मोबाईलवर बघितली आणि गाव धास्तावलं. लताबाईंनी दवंडी दिली, लसीकरणाचा दिवस ठरला. त्या सकाळी दवाखान्यापासून पार शाळेपर्यंत जनावरांची रांग लागली. देवणी गाई, कालवडी, म्हशी, बैलजोड्या. सोयाबीनची काढणी ऐन भरात होती, ती टाकून लोक आले होते.

मॅडमनी लसीचा बर्फाचा डबा सावलीत ठेवला, पण बाटली फोडली नाही. लस एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. त्यांनी खोडा हलवायला सुरुवात केली. तीन खांब ठीक होते. मागचा डावा खांब रेटला तेव्हा तो हलला असं कुणाला दिसलं नाही. मॅडम मात्र खाली बसल्या. खांब आणि काँक्रीट यांच्यामध्ये एका बाजूला बोटभर फट होती. त्यांनी तांब्याभर पाणी मागवलं आणि त्या फटीत ओतलं. पाणी वर साचलं नाही, एका दमात आत गेलं. दुसरा तांब्याही तसाच गेला.

"आत पोकळ आहे," त्या उठत म्हणाल्या. "या खोड्यात आज जनावर घालता येणार नाही."

रांगेत एकच गलका झाला. सगळ्यात पुढं उद्धव होता. गावातला जाणता शेतकरी, आणि त्याचा वजीर नावाचा देवणी वळू पंचक्रोशीत नावाजलेला. तो म्हणाला, "मॅडम, ह्यो खोडा माझ्या बापाच्या वखताचा हाय. आजवर कधी हालला न्हाई. तुमी खामखा लोकायला बेजार करून राहिल्या."

"वजीर मागं रेटला तर खांब येईल वर, उद्धवभाऊ."

"येईल? बगू तर!"

कुणी काही म्हणायच्या आत त्यानं वजीरला खोड्यात घातलं, मागचा पाईप लावला, खीळ मारली आणि वळूच्या पाठीवर सणसणीत थाप दिली. वजीर फुरफुरला. मागं जोर मारला, परत मारला. पाईप खणाणले. खोडा जागचा हलला नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टी मारली.

"काय झालं मॅडम?" उद्धवनं विचारलं.

"काही झालं नाही. बरं झालं. आता त्याला बाहेर काढा."

"अन् लस?"

"देईन ना. इथं नाही."

उद्धव संतापला. वजीरला बाहेर काढून तडक घराकडं निघाला. त्याच्यामागं रांगेतली बरीच जनावरं वळली. लताबाई इतका वेळ दवाखान्याच्या पायरीशी उभ्या होत्या. नवऱ्याला मध्ये बोलू न देणाऱ्या, स्वतःच्या बुद्धीनं कारभार करणाऱ्या सरपंच. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, लोकं कामं टाकून आल्यात. उद्या बोलवलं तर येणार न्हाईत. तुमची खात्री हाय का खांब पडंल म्हणून?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पडेल याची नाही, टिकेल याचीही नाही."

लताबाईंनी परतणाऱ्या जनावरांकडं एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "मंग आता कसं करायचं ते सांगा."

मॅडमनी ठरवून दिलं, गरीब गाई आणि वासरं लिंबाच्या झाडाला एकेक बांधून, धन्याला डोक्याशी उभं करून टोचायची. बैल, वळू, मारक्या म्हशी ज्यांच्या त्यांच्या गोठ्यात जाऊन, दावणीला असतानाच. एका सकाळचं काम लांबून दुसऱ्या दिवसावर गेलं. लताबाई दोन्ही दिवस मॅडमबरोबर गल्लीगल्लीतून फिरल्या. आधी स्वतः आत जायच्या, घरच्या बाईशी बोलायच्या, मग मॅडमना हाक मारायच्या. दोघींची ओळख त्या फिरण्यातच वाढली.

उद्धवचं घर शेवटी आलं. त्याची आई धोंडाबाई दारात बसून शेंगा फोडत होती. तिनं दोघींना पाणी दिलं आणि गोठ्याकडं बघून हाक दिली, "उद्धवा, मॅडम आल्यात रं." उद्धव बाहेर आला आणि गोठ्याच्या दारातून बाजूला झाला. मॅडम आत गेल्या आणि, अगदी त्याच्यादेखत, वजीरचा खुंटा हलवून बघू लागल्या.

"ह्यो बी पोकळ हाय का?" उद्धवनं विचारलं.

"हा पक्का आहे. पण वजीर भिंतीला लागून उभा आहे. मी मध्ये शिरले आणि तो कलंडला तर माझी चटणी होईल. जरा तोंड इकडं फिरवता?"

उद्धवनं वेसण धरून वळूला फिरवलं. मॅडमनी मानेची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. वजीरनं कान हलवले, एवढंच.

"त्याला धरायची हातोटी चांगली आहे तुमची," मॅडम म्हणाल्या.

"वासरू व्हता तवापासून मीच बगतो त्याला," उद्धव म्हणाला, आणि वेसण सोडत, "च्या घेऊन जा."

खोडा काढायचा ठराव ग्रामपंचायतीत झाला तेव्हा दोन तट पडले होते. चांगला खोडा का उपटायचा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. लताबाईंनी रेटून ठराव घेतला. खांब ओढायला ट्रॅक्टर लागणार, आणि गावात तो उद्धवकडंच. तो साखळ्या घेऊन आला. आडवे पाईप सोडवून, काँक्रीट फोडून मागच्या डाव्या खांबाला साखळी अडकवायला तो वाकला, आणि सहज हात लावला तर खांब मुळ्यासारखा वर आला. खालचा हातभर भाग गंजून संपला होता. शेजारच्या नळाचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरत होतं.

उद्धव खांब हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिशी टिकला कसा मंग?"

"काँक्रीटच्या गळपट्ट्यात अडकून," मॅडम म्हणाल्या. "किती दिवस टिकला असता ते मलाही सांगता येणार नाही."

उरलेल्या तीन खांबांना मात्र ट्रॅक्टरचाही घाम निघाला. एकाची साखळी तुटली. "हे तीन तर पक्के व्हते," असं उद्धव आजही म्हणतो, आणि ते खरंच आहे. मॅडमही मान्य करतात.

नवा खोडा नळापासून लांब, उंचवट्यावर बसवला. पायाखाली खडबडीत फरशी केली, वर पत्रा टाकला. लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या दिवशी तो पहिल्यांदा वापरायचा होता. मॅडमनी नेहमीसारखं सगळं हलवून, ओणवं होऊन, सोडून बघितलं. या वेळी उद्धवनंही एका खांबाला खांदा लावला. सगळं पक्कं निघालं.

पहिली गाय केवळाबाईची. ती खोड्याच्या तोंडाशी येऊन थबकली. नव्या रंगाचा वास घेतला, नाक उडवलं आणि पाय रोवून उभी राहिली. शेपूट पिरगाळायला कुणीतरी पुढं झालं, तर मॅडमनी हात आडवा धरला. "थांबा. तिला बघू द्या."

रांग थांबली. केवळाबाई म्हातारी, कमरेत वाकलेली. तिनं पदर खोचला आणि गाईच्या पुढं होऊन स्वतःच खोड्यातून चालत पलीकडं गेली. पलीकडून वळून म्हणाली, "ये गं चंद्रे, काय न्हाई हितं."

गाय तिच्यामागं आत गेली. उद्धवनं खीळ मारली, आणि मॅडमनी बाटली फोडली.