पंधरा तासांचं गणित

गल्लीतून कुणी गावाला निघालं की अक्का केरसुणी दाराआड सारून ठेवायच्या आणि विचारायच्या, "कवा पोचतूस?" जाणारा पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा रिवाज तुमच्याही घरी असेल. पण आपण तो आपल्या माणसांपुरता पाळतो, अक्का नौबाद गावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीसाठी पाळायच्या. कमलनगरला निघालेल्यासाठी दुपारपर्यंत, हैदराबादच्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत. सणासुदीला चार जण निघाले की त्यांच्या अंगणात लिंबाचा पाला घोट्यापर्यंत साचायचा. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या.

मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचो. अक्कांचा एकुलता एक मुलगा डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला लंडनला निघाला, तोही विमानानं. विमान मुंबईहून संध्याकाळी सहाला उडणार होतं. आगगाडीचा, मोटारीचा अंदाज अक्कांना होता, विमानाचा कुठून असणार? त्या माझ्याकडे आल्या.

मी नकाशावर दोरा ताणला. साडेचार हजार मैल भरले. ताशी तीनशेनं भागले आणि ऐटीत सांगितलं, पंधरा तास. विमान वाटेत उतरतं, थांबतं, हे डोक्यातही आलं नाही. नकाशावरचा दोरा कुठंच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच घड्याळात नऊ वाजलेले पाहून अक्कांनी अंगण झाडलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. त्या सकाळी विमान कैरोला थांबलं होतं आणि तापानं फणफणलेल्या मुलाला तिथंच उतरवून घेतलं होतं. पुढं तो बरा झाला, शिकलाही. पण ते पत्र इस्पितळातून लिहिलेलं होतं.

अक्कांनी पत्र घेऊन घडी घातली. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमी पंधरा तासच म्हणला होता न्हवं?"

झाडण्यानं कुणाला ताप येत नाही, असं मी वर्गात शिकवत असे. मग "होय, माझंच चुकलं" म्हणायला मला काय जड होतं? ओसरीवर चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "पंचवीस म्हणालो होतो, अक्का."

"मग मलाच दम निघाला न्हाई," त्या म्हणाल्या.

माझ्या शब्दापुढं त्यांनी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही. त्यानंतर त्यांनी अंदाजावर झाडणंच सोडलं. पोचल्याचं कार्ड आल्याशिवाय केरसुणी उचलायची नाही. मला त्या अंगणापुढून जाववत नसे. मी मागच्या बोळानं शाळेत जाऊ लागलो.

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा मी बदली घेऊन मराठी भागात, लातूरला निघालो. अक्का मोटारीपाशी येऊन म्हणाल्या, "पोचल्यावर कार्ड टाका, गुरुजी." मी कार्ड आणलं, पत्ताही लिहिला. सुखरूप पोचलो, एवढ्यानं भागणार नव्हतं, पंधरा तासांचंही लिहायला हवं होतं. ते लिहवेना, म्हणून कार्डच टाकलं नाही.

वर्षभरानं उदगीरच्या बाजारात जुना शेजारी भेटला. अक्का गेल्या, म्हणाला. मग सांगू लागला, "तुमच्यासाठी लई दिवस झाडल्या न्हाईत. आमालाच पाला बघवंना. मग आमीच सांगितलं, गुरुजींचं कार्ड आलंय म्हणून."

"दाखवा म्हणाल्या नाहीत?"

"न्हाई. गुरुजींचं हाय म्हणल्यावर खरंच असतंय, म्हणल्या. आन् केरसुणी घेतल्या."